कारेलीबागेतला तळमजला आणि शिंकांची वही

माझी भाची फेब्रुवारी-मार्चमध्ये शिंकते, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. लग्नाआधीपासूनचं आहे ते. त्यामुळे २०२५ च्या फेब्रुवारीतल्या शेवटच्या रविवारी ती लाल नाक आणि सुजलेले डोळे घेऊन बडोद्यातल्या दांडिया बाजारात माझ्याकडे आली, तेव्हा मलाही त्यात नवीन काही वाटलं नाही. "मावशी, सीझन सुरू झाला बघ," म्हणाली. चहा होईपर्यंत तिने पर्समधून नाकात घालायच्या थेंबांची बाटली काढली, मान मागे टाकली आणि दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन थेंब सोडले. तिचा हात इतका सराईतपणे चालला की मी विचारलं, "किती दिवसांपासून घेते आहेस हे?"

"असतील दोनेक महिने. त्याशिवाय रात्री झोपच लागत नाही गं."

दोन महिने म्हणजे डिसेंबरची अखेर. संक्रांतीच्या आधी तर तिचा 'सीझन' कधीच सुरू होत नसे.

मी बडोद्यातल्या एका कॉलेजात तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. मी डॉक्टर नाही. पुढे औषधांबद्दल जे येईल ते तिच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तिला सांगितलेलं आहे. झाडांचं, भिंतीचं आणि वहीचं जे आहे ते आम्ही दोघींनी मिळून शोधलं. तिच्या संमतीने लिहिते आहे, नाव तेवढं देत नाही. लिहावंसं वाटलं, कारण 'हवा बदलली की होतं' या एका वाक्यावर समाधान मानून महिनोन्‌महिने गोळ्या खाणारी माणसं मला आजूबाजूला फार दिसतात.

खरंच दरवर्षीचं होतं का?

माणसाला त्रास आठवतो, तारीख आठवत नाही. भाची ठामपणे सांगत होती की सगळं नेहमीसारखंच आहे. मग आम्ही मोबाइल काढला. २०२४ च्या दिवाळीतल्या फोटोंत, लक्ष्मीपूजनाला नवी साडी नेसून ती दिव्यांसमोर बसली आहे आणि डाव्या हाताच्या मुठीत रुमाल चुरगळलेला आहे. भाऊबीजेच्या फोटोतही तोच रुमाल. जावयांनी आणखी एक चांगली गोष्ट केली. औषधांच्या दुकानात मोबाइलवरून दिलेले पैसे त्यांनी मागे मागे जात पाहिले. सर्दीच्या गोळ्यांची पहिली खरेदी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातली निघाली. त्यानंतर दर दहा-बारा दिवसांनी एक पट्टी. त्याआधीच्या वर्षी याच दुकानात फक्त फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन पट्ट्या घेतल्या होत्या.

म्हणजे 'दरवर्षीचं' असलेलं दुखणं पाच महिने चाललं होतं आणि ते भलत्याच महिन्यात सुरू झालं होतं. जुन्या त्रासाच्या पोटात नवा त्रास लपून बसला होता, आणि जुन्याचं नाव तयार असल्यामुळे नव्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

साधी सर्दी ती नव्हतीच. विषाणूची सर्दी आठवडा-दहा दिवसांत ओसरते, अंग दुखतं, घसा धरतो, कधी कणकण येते. हिला ताप नव्हता. पाण्यासारखं नाक वाहायचं, एकामागोमाग एक शिंका यायच्या, आणि टाळूला अशी खाज सुटायची की ती जिभेने टाळू घासत बसायची. नाक, डोळे आणि टाळू यांची खाज ही ॲलर्जीची मोठी खूण आहे.

घर आणि माणसं

भाची एक्केचाळीस वर्षांची, शाळेत गणित शिकवते. घरात नवरा, सातवीतली मुलगी आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. घर कारेलीबागेत, तळमजल्यावर.

तळमजला म्हटल्यावर बडोदेकरांना पुढचं सांगायला नको. २०२४ च्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्रीला पूर आला. नदीची धोक्याची पातळी २५ फूट. त्या वेळी ती ३५ फुटांच्याही वर गेली. भाचीच्या घरात गुडघ्याच्या वर पाणी होतं आणि दोन दिवस ते हललं नाही. सासूबाईंना वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी नेलं म्हणून बरं. पाणी ओसरल्यावर चिखल उपसला, घर धुतलं, फ्रिज टाकला, आणि दिवाळीच्या आत रंग काढून घेतला. सगळ्या गल्लीने हेच केलं. पूर संपला असंच सगळ्यांना वाटलं, आणि त्यात त्यांची चूक नाही. घरातली कर्ती माणसं आवराआवर करून थकलेली होती.

दोन संशयित

पहिला संशयित सोसायटीने आधीच ठरवून ठेवला होता. फाटकापासून भिंतीच्या कडेने कोनोकार्पसचं हिरवंगार कुंपण होतं. गुजरातच्या वन विभागाने २०२३ मध्ये या झाडाची रोपं तयार करायला आणि लावायला बंदी घातली. हिवाळ्यात त्याला फुलोरा येतो आणि परागांमुळे सर्दी, खोकला, दमा, ॲलर्जी असे त्रास होतात, हे त्यातलं एक कारण. बातमी सगळ्यांनी वाचली होती. त्यामुळे सोसायटीत कुणालाही शिंक आली की बोट त्या कुंपणाकडे जायचं. ते झाड शहरात नको, हे माझंही मत आहे. मुळं गटारं आणि नळ सोडत नाहीत. पण झाड वाईट असणं वेगळं आणि या बाईच्या या शिंका त्याच्यामुळे असणं वेगळं. मार्चमध्ये त्या कुंपणापाशी उभी राहून मी फांद्या हातात घेऊन पाहिल्या, फुलोरा मला दिसला नाही.

दुसरा संशयित माझा होता, आणि तो मी घाईने धरला. वावळ. हे झाड फार देखणं नसतं, म्हणून लोकांच्या डोळ्यांत भरत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी, पानं झडलेल्या फांद्यांवर बारीक हिरवट-तपकिरी फुलांचे झुबके येतात. मग कागदासारखी पातळ, गोल, पंखवाली फळं साऱ्या ओट्यावर उडत येतात. त्याचे पराग वारा नेतो. हेच महत्त्वाचं. ज्या झाडाची फुलं मोठी, रंगीत, मधाची, त्याचे पराग बहुधा जड आणि चिकट असतात. ते फुलपाखराच्या अंगाला चिकटून जातात, आपल्या नाकात सहसा येत नाहीत. गुलमोहर बिचारा उगाच बदनाम होतो. नाकाला त्रास देणारी झाडं आणि गवतं बहुतेक अशी, ज्यांची फुलं आपण फूल म्हणून ओळखतही नाही.

मी काचेच्या पट्ट्यांना व्हॅसलीनचा पातळ थर लावून त्या भाचीच्या खिडकीत आणि माझ्या गच्चीत एक-एक दिवस ठेवल्या. मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांनी हेच केलं होतं. त्यांना स्वतःलाच गवताच्या परागांचा त्रास होता. चिकट काचा पतंगाला बांधून त्यांनी त्या उंच आकाशात चढवल्या आणि तिथेही पराग असतात हे १८७३ साली छापून दाखवलं. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, पतंग उडवणाऱ्या आमच्या या गावात ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगत असे, आणि मुलं खुलत असत. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही काचांवर वावळीचे पराग दिसले. शिवाय बुरशीचे बीजाणूही दिसले. त्यांत गदेच्या आकाराचे, आडव्या-उभ्या भिंती असलेले अल्टरनेरियाचे बीजाणू मी लगेच ओळखले. मला वाटलं, झालं, सापडलं. पण वावळ ऑक्टोबरात फुलत नाही, आणि तिच्या गोळ्या ऑक्टोबरात सुरू झाल्या होत्या. हा सांधा माझ्या उत्तरात कुठेच बसत नव्हता.

वही

तेव्हा आम्ही शंभर पानी वही आणली. नियम तीन. शिंक आली की वेळ, जागा आणि हातातलं काम लिहायचं. किती शिंका, नाक वाहतंय की चोंदलंय, खाज कुठे, तेही लिहायचं. आणि तिसरा नियम मी हट्टाने लावला: काही झालं नाही तरी 'काही नाही' असं लिहायचं, ठरलेल्या सहा वेळांना. भाची गणिताची असल्यामुळे तिला हे चटकन पटलं. शून्य न मांडता हिशेब कसा लागणार?

पहिल्या पानावरच्या काही ओळी जशाच्या तशा देते.

३ मार्च, सोमवार. पहाटे ५.५०. पलंगावर, डोळे मिटलेलेच. ११ शिंका. टाळूला खाज.
सकाळी ७.१०. फाटकाजवळ, कुंपणाला लागून, गाडी काढताना. काही नाही.
सकाळी १०.३०. वर्ग, खडू. काही नाही.
दुपारी ३.४५. कपाट उघडून धुतलेले कपडे ठेवले. ७ शिंका, डोळ्यांतून पाणी.
संध्याकाळी ७.१५. देवघर, आई गुगुळ फिरवत होत्या. नाक चोंदलं, डोळे चुरचुरले, शिंक नाही.
रात्री १०.४०. गोधडी काढली. ९ शिंका. थेंब घातले.

कुंपण या वहीने आठ दिवसांत सोडून दिलं. फाटकाजवळच्या सोळा नोंदींपैकी पंधरा 'काही नाही'. खडूही सुटला. गुगुळाची गोष्ट वेगळी होती. धूर कुणाच्याही नाकाला झोंबतो, ती ॲलर्जी असायलाच हवी असं नाही, पण आधीच सुजलेल्या नाकाला तो जास्त झोंबतो. राहिला पलंग आणि कपाट. दोन्ही एकाच खोलीत, एकाच भिंतीला लागून.

तरी मी थांबले. ॲलर्जीच्या माणसाला पहाटे जास्त शिंका येणं हे तसं नेहमीचंच आहे. कारण काहीही असलं तरी नाक सकाळी जास्त हळवं असतं. तेव्हा पहाटेच्या शिंका पाहून थेट गादीवर आळ घेणं घाईचं झालं असतं. तुलनेला काहीतरी हवं होतं.

ती तुलना होळीने दिली. १३ मार्चला संध्याकाळी भाची लेकीला घेऊन माझ्याकडे राहायला आली, धुळवड आणि पुढचा शनिवार-रविवार धरून चार रात्री. दांडिया बाजार ते कारेलीबाग अंतर ते किती. हवा तीच, वावळ तोच. उलट माझ्या गच्चीवरून तर तो समोरच दिसतो. पहिल्या पहाटे ५ शिंका, दुसऱ्या पहाटे २, तिसऱ्या आणि चौथ्या पहाटे 'काही नाही'. दिवसा गच्चीवर वाळवण उचलताना मात्र तीन-चार शिंका रोज. सोमवारी सकाळी इथूनच शाळेत गेली, रात्री घरी झोपली, आणि मंगळवारी पहाटे वहीत १४ शिंका.

वही माझ्यापुढे सरकवत ती म्हणाली, "मावशी, माझ्याच घरात काहीतरी आहे गं." तिचा आवाज कापरा झाला होता. स्वतःच्या घरावर संशय घेणं सोपं नसतं, विशेषतः जे घर नुकतंच पुरातून हातांनी वर काढलं आहे.

कपाटामागे

लोखंडी कपाट तीन दारांचं, साड्यांनी भरलेलं. पुरानंतर सगळं घर हललं, ते मात्र हललं नव्हतं. रंगाऱ्यांनी त्याच्या अवतीभवती ब्रश फिरवला होता. जावई आणि वरच्या मजल्यावरचा एक मुलगा अशा दोघांनी ते रेटून हातभर पुढे ओढलं.

आधी वास आला. ओल्या पोत्याचा, बंद तळघराचा. मग भिंत दिसली. जमिनीपासून मांडीच्या उंचीपर्यंत चुन्याचे पोपडे फुगून आलेले, आणि त्यांच्यावर काळपट-हिरव्या ठिपक्यांची एक सलग पट्टी. पट्टीची वरची कड पाण्याच्या रेषेसारखी आडवी, नेमकी तिथेच जिथे पूर दोन दिवस थांबला होता. बोट लावलं तर भिंत गार आणि दमट. सहा महिन्यांनी, मार्चच्या उन्हात, दमट. बाकीच्या खोलीत तीच ओल नव्या प्लॅस्टिक रंगाखाली झाकली गेली होती. भिंत आतून सुकण्याआधी तिला तो न झिरपणारा रंग फासला, म्हणजे तिचं श्वास घेणंच बंद केलं.

पलंग पेटीचा. झाकण उचललं तर तळाची प्लायवूड कोपऱ्यात पापडासारखी फुगलेली, आणि त्यावर घडी करून ठेवलेल्या आठ गोधड्या. या गोधड्या पुरात भिजल्या नव्हत्या, त्या माळ्यावर होत्या. ऑक्टोबरात थंडी येईल म्हणून माळ्यावरून काढून पेटीत ठेवल्या. ऑक्टोबर! जावयांनी आणि भाचीने एकमेकांकडे पाहिलं.

इथे जे चाललं होतं ते समजून घेण्यासारखं आहे. गादी-गोधडीतल्या धुळीत माइट नावाचे किडे राहतात. एक किडा सुमारे ०.३ मिलिमीटर, डोळ्यांना न दिसणारा. आपल्या अंगावरून झडलेल्या त्वचेच्या कोंड्यावर ते जगतात आणि चावत नाहीत. ते पाणी पीत नाहीत, हवेतला दमटपणा शोषून घेतात. हवा कोरडी असली की ते टिकत नाहीत, दमट असली की बेसुमार वाढतात. त्यांची विष्ठा गोधडी झटकली की उडते, आणि त्रास त्यातूनच होतो. म्हणजे ओली भिंत दोन बाजूंनी काम करत होती. स्वतः बुरशी वाढवून तिचे बीजाणू खोलीत सोडत होती, आणि खोली दमट ठेवून पलंगातल्या माइटना पोसत होती. कपडे ठेवायला कपाट उघडलं की बीजाणू, झोपायला गोधडी काढली की माइट. वहीतल्या दोन वेळा, दोन्हींचा मालक एकच.

शरीराच्या आत घडतं ते असं. एखाद्या निरुपद्रवी कणाला शरीर एकदा शत्रू मानून बसलं की त्याच्याविरुद्ध आयजीई जातीची प्रतिपिंडं तयार होतात आणि नाकाच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या वेळी तोच कण आला की त्या पेशी काही मिनिटांत हिस्टामिन सोडतात. खाज, शिंका, पाणी. काही तासांनी दुसरी लाट येते, तिच्यात नाक चोंदतं. म्हणून रात्री दहाला हाताळलेल्या गोधडीचा हिशेब पहाटे तीनला चोंदलेल्या नाकाने चुकता होतो, आणि माणसाला वाटतं झोपेत वारा लागला.

डॉक्टरांकडे

डॉक्टरांकडे भाची वहीच्या पहिल्याच आठवड्यात गेली होती, थेंबांसाठी. त्यांनी बाटली पाहिली आणि ती तिथल्या तिथे बंद केली. नाक तात्काळ मोकळं करणारे हे थेंब तीन ते पाच दिवसांपलीकडे घ्यायचे नसतात. जास्त घेतले की नाकाच्या रक्तवाहिन्यांना त्यांची सवय होते, असर उतरताच त्या आधीपेक्षा जास्त फुगतात, आणि नाक चोंदतं ते थेंबांमुळेच. तिच्या रात्रींपैकी निम्म्या रात्री त्या बाटलीनेच बिघडवल्या होत्या. ही बाटली आपल्याकडे चिठ्ठीशिवाय सहज मिळते, म्हणून मुद्दाम सांगते.

थेंबांच्या जागी त्यांनी नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे दिला. 'स्टेरॉइड' म्हटल्यावर सासूबाई घाबरल्या. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं की मात्रा अगदी थोडी असते आणि औषध नाकातच काम करतं. स्प्रेचा गुण यायला काही दिवस लागतात, रोज घ्यावा लागतो. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारायचा, म्हणजे धार मधल्या पडद्यावर न जाता बाहेरच्या बाजूला जाते. जोरात ओढायचा नाही, नाहीतर घशात उतरतो. एवढं साधं, पण दाखवून दिल्याशिवाय कुणालाच नीट जमत नाही.

स्प्रे सुरू झाल्यामुळे मला एक शंका होती. माझ्याकडच्या चार रात्री चांगल्या गेल्या त्या स्प्रेमुळे तर नाही? पण परत गेल्यावर स्प्रे तोच होता, शिंका मात्र १४ आल्या. त्या एका पहाटेने ही शंका मिटवली.

एप्रिलमध्ये त्वचेची चाचणी झाली. त्याआधी आठवडाभर गोळ्या बंद. हाताच्या आतल्या बाजूला वेगवेगळ्या अर्कांचे थेंब, प्रत्येकावर एक हलकी टोच, आणि पंधरा-वीस मिनिटांनी फुगलेल्या गांधी मोजायच्या. माइटची गांध सर्वांत मोठी, त्याखालोखाल वावळ, मग बुरशी. आणखी दोन अर्कांच्या गांधीही थोड्या उठल्या होत्या, पण डॉक्टरांनी त्या बाजूला ठेवल्या. चाचणी सांगते शरीर कशाला ओळखतं, त्रास कशाने होतो ते नाही. ते ठरवायला रोजच्या जगण्यातला पुरावा लागतो. तिने वही पुढे केली. डॉक्टरांनी ती शेवटच्या पानापर्यंत वाचली. छातीत घरघर होते का, रात्री खोकला येतो का, जिना चढताना दम लागतो का, हेही विचारलं. नाकाच्या ॲलर्जीसोबत दमा असू शकतो, म्हणून. सुदैवाने ते नव्हतं.

गोधड्या

सगळ्यांत कठीण भाग हा होता. भिंतीचा मार्ग सरळ निघाला. गवंड्याने गिलावा विटेपर्यंत काढला, एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात भिंत उघडी ठेवली, ती पूर्ण सुकल्यावरच पुन्हा गिलावा केला आणि वर चुन्याचा हात दिला. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे राहिलं. पेटीपलंग गेला, साधा पलंग आला, गादीला चेनवाली घट्ट विणीची खोळ.

पण गोधड्या फेकायच्या म्हटल्यावर सासूबाईंनी त्या छातीशी धरल्या. "यात माझ्या सासूबाईंची लुगडी आहेत," एवढंच बोलल्या. मी एक गोधडी उलगडून पाहिली. सर्वांत आत विटलेलं जांभळं इरकली, त्यावर मऊ पडलेलं पांढरं धोतर, आणि बोटभर अंतरावर न चुकलेले धावदोऱ्याचे टाके, कोपऱ्यात कुणीतरी लाल दोऱ्याने घातलेलं छोटं स्वस्तिक. असलं काही फेका म्हणून सांगायला माझी जीभ रेटली नाही, आणि त्याची गरजही नव्हती. माइट साठ अंशांच्या पाण्यात मरतात. तीन गोधड्या असं पाणी सोसतील अशा होत्या, त्या गरम पाण्यात धुतल्या आणि गच्चीवर कडक वाळवल्या. जुन्या नाजूक पाचांना नुसतं गार पाणी आणि मेचं ऊन दिलं, त्या घट्ट पिशव्यांत बांधून वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या कोरड्या माळ्यावर गेल्या. नुसत्या उन्हाने माइटचं सगळं जात नाही, म्हणून त्या पाच आता अंगावर घ्यायच्या नाहीत, असं सासूबाईंनी स्वतःच ठरवलं.

गव्हाचा रविवार

वही आम्ही एप्रिलमध्येही चालू ठेवली होती, त्यामुळे हे सापडलं. १३ एप्रिल, रविवार. वर्षाचे गहू आले. बडोद्यात गहू चाळून, निवडून, त्याला दिवेल, म्हणजे एरंडेल, चोळून कोठीत भरायची पद्धत आम्हा मराठी घरांनीही कधीच उचलली. भाची चाळायला बसली आणि दहा मिनिटांत उठली. २२ शिंका, आवाज बसला, डोळे मिटले. तोवर पलंगाजवळच्या नोंदी रोज दोन-तीनवर आल्या होत्या, त्यामुळे हा आकडा वहीत एकटाच उंच दिसतो.

शेतात आणि खळ्यावर गव्हाच्या धुळीत अल्टरनेरियासारख्या बुरशीचे बीजाणू मुबलक असतात, ते गव्हाबरोबर घरात येतात. ज्याचं नाक आधीच बुरशीला ओळखतं त्याच्यासाठी चाळणी हे मोठंच संकट. आणि गहू येतात नेमके वावळीच्या हंगामाच्या शेपटाला, म्हणून इतकी वर्षं सगळं 'सीझन'च्या खात्यावर जमा होत होतं. उरलेले गहू जावयांनी नाकातोंडाला मास्क लावून गच्चीवर चाळले, आणि सासूबाईंनी दिवेल चोळलं. भाची त्या वेळी लेकीला घेऊन कमाटीबागेत गेली.

पुढे

जूनपर्यंत गोळ्या सुटल्या, स्प्रे डॉक्टरांनी हळूहळू कमी केला. खोलीत आता दमटपणा मोजणारं छोटं यंत्र आहे. पावसाळ्यात आकडा चढतोच, ते चालायचंच. तेव्हा खिडक्या उघडायच्या की बंद ठेवायच्या हे ती त्याच्याकडे पाहून ठरवते. सोसायटीने कोनोकार्पसचं कुंपण पावसाच्या आधी काढलं. काहींना वाटतं भाची त्यामुळे बरी झाली. मी दोनदा समजावून पाहिलं. तिसऱ्यांदा वरच्या मजल्यावरच्या आजींना मी काही न बोलता कपाटामागची भिंत दाखवायला घेऊन गेले. त्यांच्याही घरी सर्दी हटत नव्हती. परत जाऊन त्यांनी स्वयंपाकघरातलं कपाट ओढलं, आणि टाकीची ओल उतरलेली त्यांची भिंत सापडली.

२०२५ ची दिवाळी कोरड्या रुमालाने गेली. २०२६ च्या फेब्रुवारीत भाचीने मला वहीचं नवं पान फोटो काढून पाठवलं. पहाटेच्या रकान्यात सलग नऊ दिवस 'काही नाही'. त्याखाली एकच वेगळी नोंद: सकाळी ७.२०. ओटा झाडताना, कागदासारखी गोल फळं. ४ शिंका. वावळ.